ढिल्या स्टेअरिंगची पिकअप

आमच्या जुन्या पिकअपचं स्टेअरिंग इतकं ढिलं होतं, की सडक अर्जुनी गावात फिरवावं तेव्हा कुठे गाडी पार पुढच्या देवरी गावाला वळायची. त्यातून भाच्याचं वऱ्हाड सालेकशाला नेताना स्टेअरिंगची दांडीच डुगडुगायला लागली.

"मामा, मुहूर्त चुकला तर सासरा पोरगी देत नाही म्हणते," भाचा रडवेला झाला.

ढाब्याशेजारी एक मिस्त्री होता. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, म्हणून हनुवटी आभाळाकडे करून बोलायचा. त्यानं स्टेअरिंगचं चाक उपटून नवरदेवाच्या हातात दिलं.

"धरून बसा. लग्नानंतर हेच काम हाय. गाडी दुसरंच कोणी चालवते."

दांडीभोवतीचा झिजलेला बुश बदलून त्यानं दांडी घट्ट केली आणि चाक परत बसवलं. मी सवयीनं चाक गरागरा फिरवलं, तर गाडी गर्रकन वळून पुन्हा त्याच्याच दारात. तीनदा निघालो, तीनदा परतलो.

"गाडी सुधरली, तुमचा हात नाही सुधरला," तो म्हणाला. "काऊन जीव घेऊन रायले पोराचा? सरका तिकडं."

त्यानंच गाडी हाणली आणि मुहूर्त गाठून दिला. पंगतीत तो व्याह्यांना सांगत होता, गाडी सतरा वेळा परत आली, शेवटी तर नुसती हाक मारल्यावर आली. मी त्याच्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला. इतक्या वर्षांत थापा मारण्यात मला पहिल्यांदाच गुरू भेटला होता.