पूजेला मांडलेली बंदूक

मुलांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही येणार. आलात की चपला काढायच्या आधी आजोबांना "बंदूक दाखवा" म्हणणार, हे मला ठाऊक आहे. या खेपेला म्हणू नका. का, ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनच्या वेळी आजोबा माझ्या शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं, पण हे इंग्रजीत लिहायला बसले तेव्हा ते दुसऱ्याच कुणाच्या घरातलं वाटायला लागलं. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

बंदूक तुमच्या पणजोबांची, दोन नळ्यांची. तंजावरकडे आमची शेती होती, भातात रानडुकरं शिरायची, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. पुढे शेती गेली, डुकरंही गेली, आम्ही चेन्नईला अड्यारच्या फ्लॅटमध्ये आलो. बंदूक तेवढी बरोबर आली. परवान्याची मुदत आजोबांनी एकदाही चुकवली नाही. एकदा कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "सार, अड्यारमध्ये बंदुकीने राखण्यासारखं तुमच्याकडे आहे काय?" हे म्हणाले, "माझी बायको." बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शिक्का मारला.

बिबट्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. कोल्ली डोंगर, काळोख, झुडपात चमकणारे दोन डोळे, आजोबांनी दोन्ही नळ्या झाडल्या आणि जखमी बिबट्या लंगडत दरीत उतरला. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती, त्यामुळे तेवढा भाग खरा असू शकला असता. पण जीप माझ्या वडिलांची होती. आजोबा आणि त्यांचे दोन मित्र वाट चुकले, गोल फिरून निघाले होते तिथेच परत आले, आणि टॉर्चच्या उजेडात जे चमकलं ते जीपच्या पाठीमागचे लाल दिवे होते. जीप घरी आली तेव्हा मागच्या पत्र्याची चाळणी झालेली. माझ्या वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "जावईबापू, जनावर उभं होतं की पळत होतं?" सासऱ्यांनी किती आस्थेने चौकशी केली, असं हे आजतागायत सांगतात.

ते दोन्ही मित्र अजून आहेत. एक बँकेतून निवृत्त झाले, दुसरे गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात इंजिनियर होते. दोघेही तमिळ. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांना इथे रायर म्हणतात, म्हणून आजोबा त्यांचे रायर आणि मी रायर-मामी. दर वर्षी सरस्वती पूजेच्या संध्याकाळी दोघे सुंडल, म्हणजे खोबरं घालून परतलेले हरभरे, खायला येतात. बिबट्या दर वर्षी थोडा लांब होतो. जीपचं नाव कुणी काढत नाही, मीही नाही.

सरस्वती पूजा म्हणजेच इथली आयुधपूजा. पुस्तकं, तुमच्या बाबांचं जुनं व्हायोलिन, माझी शिवणाची कात्री, लॅपटॉप, सगळं कोलूसमोर, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांसमोर, ठेवून गंध-कुंकू लावायचं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी त्या दिवशी वर्तमानपत्रसुद्धा उघडत नाही. बंदूक पाटावर, तिची काडतुसं शेजारी ताम्हनात, असं इतकी वर्षं चाललं होतं.

गेल्या वर्षापासून आजोबा विसरायला लागले आहेत. तुम्हाला फोनवर ते कळत नसेल. दोनदा आंघोळ करतात आणि दुसऱ्यांदा पाणी गार का म्हणून मला रागावतात. बंदूक आता घरात ठेवू नकोस असं तुमचे बाबा मला सारखे सांगत होते. पण तोंडात आलेला शब्द निसटला की ते उठून बंदुकीचं कपाट उघडायचे, नळी फडक्याने पुसायचे, आणि पुसता पुसता पूर्वीचे होऊन जायचे. ती काढून घेतली की त्यांना आपल्याविषयी सगळं कळून चुकणार होतं. ते मला करवत नव्हतं.

या नवरात्रात पूजा आटोपली, मी सुंडल परतून बाहेर आले, तर ताम्हन रिकामं.

"अहो, काडतुसं कुठे?"

"बंदुकीत घातली."

"बंदुकीत?"

"देवीपुढे रिकामं ठेवू नये. तूच म्हणतेस ना, कलश रिकामा नको, डबा रिकामा नको, चिमूटभर तांदूळ तरी घाल. मग हीच तेवढी रिकामी का?"

हे मीच म्हणते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, म्हणून मीही म्हणते.

"काढा ती. आत्ताच्या आत्ता."

"पूजा झाली. आता उद्या सकाळी." मग ते बंदुकीवर वाकले. "की घातलीच नाहीत? डब्यात परत ठेवली वाटतं."

काडतुसांचा डबा कुठे ठेवला तेही त्यांना आठवेना. आम्ही शोधत होतो तेवढ्यात मित्र आले. मला वाटलं, सुटले. दोघे शिकारी, काय ते बघतील. मी सगळं सांगितलं.

बँकवाले सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "मामी, भरलेली बंदूक नुसती बघून कळते. नळीचा रंग बदलतो."

"रंग?" इंजिनियर म्हणाले. "वजन! भरलेली असली तर पुढून जड. उचलली की कळेल."

"मग उचला," मी म्हणाले.

"आज? आयुधपूजेला?" त्यांनी हात मागे घेतला. "आमच्या कारखान्यात एकाने पूजेच्या दिवशी लेथ सुरू केलं होतं. सहा महिने ते लेथ फक्त उलटं फिरत होतं."

"माझ्या मामांनी पूजेच्या दिवशी बंदूक झाडली," बँकवाले म्हणाले. "गोळी गेली, झाडाला वळसा घातला आणि परत आली. मामा खाली बसले म्हणून वाचले."

"खाली का बसले?"

"सवय. त्यांची गोळी नेहमीच परत यायची."

आजोबा पोट धरून हसले. किती दिवसांनी ते असे हसले होते! मी हातात सुंडलची वाटी घेऊन उभी. बंदुकीचं तोंड सोफ्याकडे, आणि त्या तिघांची गाडी लेथवरून बिबट्यावर निघालेली.

तेवढ्यात शेजारची कुंकवाला आली, बरोबर तिची चिमुकली नात, रेशमी परकर नेसलेली. नात तडक कोलूकडे गेली आणि बंदुकीसमोर मांडी घालून बसली. "पाट्टी, हिलापण कुंकू लावलंय!" असं आजीला सांगत तिने बोट पुढे केलं. मी तिला कशी उचलली मला आठवत नाही. शेजारीण म्हणाली, "असू द्या हो मामी, देवाचंच आहे." मी दोघींना ओटी, सुंडल, सगळं दारातच देऊन वाटेला लावलं. ती काय समजली असेल कोण जाणे.

आत आले ती सरळ पाटापाशी गेले. "तुम्ही उघडणार नसाल तर मी उघडते."

"तुला नाही येणार," आजोबा म्हणाले. ते खरंच होतं. माझा चेहरा बघून ते हसायचे थांबले. मग उठले, देवीला नमस्कार केला आणि बंदूक उचलून मांडीवर घेतली.

ही बंदूक मधोमध मोडून उघडते. वरची एक कळ अंगठ्याने बाजूला ढकलायची, एवढंच. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आहे, ते बोलता बोलता, तुमच्याकडे बघत उघडायचे. त्या संध्याकाळी त्यांचा अंगठा कळीवर गेला नाही. तो तिच्या मागच्या लहान खटक्यावर गेला, ज्याने चाप मोकळा होतो. तो त्यांनी पुढे सारला. बंदूक उघडली नाही. त्यांनी पुन्हा सारला. मग हातातली वस्तू कुणाची आहे असा चेहरा करून ते तिच्याकडे बघायला लागले, आणि त्यांचं बोट चापावर गेलं.

"रायर! रायर!" इंजिनियर ओरडले.

खट्ट असा आवाज झाला. बस, तेवढाच.

बँकवाले सोफ्यामागे होते, ते तिथे कधी गेले कुणी पाहिलं नाही. इंजिनियरांनी बंदूक आजोबांच्या हातातून हळूच काढून घेतली, पूजा-बिजा विसरून उघडली. दोन्ही काडतुसं आत होती. एकाच्या बुडाला मधोमध खळगा पडला होता. घोडा बरोबर बसला होता. काडतूस जुनं, इथल्या दमट हवेत सर्दावलेलं, म्हणून उडालं नाही. इंजिनियरांनी ते तळहातावर धरलं.

सोफ्यामागून आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं, रंग बदलतो म्हणून?"

कुणी हसलं नाही. आजोबा आपल्या अंगठ्याकडे बघत होते. "कळ इथे होती," ते मला मराठीत म्हणाले, "अगं, इथेच होती ना?"

"हो, इथेच होती," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरवून मी आणि इंजिनियर बंदूक एका परवानाधारक बंदूक-दुकानात देऊन आलो. पुढचे कागद तुमच्या बाबांनी पाहिले, परवाना आता परत केला आहे. आजोबांना मी निवडणुकीचं सांगितलं. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, हे त्यांना जन्मभर माहीत आहे, त्यामुळे ते लगेच तयार झाले. "पावती नीट ठेव," एवढंच म्हणाले.

आता रोज विचारतात, "इलेक्शन झालं का?" मी म्हणते, अजून नाही. कधी म्हणते, मतमोजणी थांबली आहे, कोर्टात गेली आहे. या देशात कुठे ना कुठे निवडणूक असतेच, त्यामुळे टीव्ही माझ्या बाजूने बोलतो. परवा ते म्हणाले, "फार लांबलं गं या वेळी." मग माझ्याकडे इतक्या शांतपणे बघितलं की यांना सगळं ठाऊक आहे की काय, असं मला वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही.

तेव्हा तुम्ही आलात की बंदूक मागू नका आणि निवडणुकीची चौकशी करू नका. बाकी काहीही बोला. सकाळची कॉफी ते अजून स्वतः करतात, मलाही देतात. तुमची नावं त्यांना येतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, ओळीने. आज सकाळीही आली.