गुंडाप्पाची ओटी

गुंडाप्पाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वखारीच्या पायरीवर बसून हातांना लिंबू चोळत होता. निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती उचलणारा हमाल, रुंद खांद्यांचा, जाड आवाजाचा. तंबाखूचा काळा चीक नखांच्या कडेला बसला की सहजी निघत नाही. बाकीचे हमाल हात कसेबसे खंगाळून चहाला पळायचे आणि हा अर्धा-अर्धा तास एकेक बोट घासत बसायचा. मी नुकताच हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू झालो होतो. न राहवून विचारलं, तर म्हणाला, "सांजच्याला बांगड्या भरायच्या हाईत वो मास्तर. काळ्या हातात शोभत्यात व्हय?"

मला वाटलं, नव्या मास्तराची फिरकी घेतोय. तो अगदी सरळ सांगत होता.

गणपतीत, जत्रेत गुंडाप्पा बाईचं सोंग घ्यायचा. सोंग हा लोकांचा शब्द, तो त्याला काम म्हणायचा. आणि घरीसुद्धा दार लावून, लुगडं नेसूनच तो भाकरी थापतो, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तोंडावर त्याला गुंडाप्पा म्हणत, पाठ वळली की गुंडाक्का. एकदा कुणीतरी त्याचं वाळत घातलेलं लुगडं चोरून वखारीच्या फाटकावर टांगलं. सकाळी कामावर येणारे सगळे हसत उभे राहिले. गुंडाप्पा आला, त्यानं लुगडं उतरवलं, झटकलं, नीट घडी घातली आणि काखेत मारून पोती उचलायला गेला. मीच चिडून म्हणालो, "गुंडाप्पा, मालकांना सांगा की." तो म्हणाला, "असू दे, सोडा."

हे त्याचं पालुपद होतं. हॉटेलात कपबशी वेगळी ठेवली, असू दे, सोडा. भावानं लग्नाला बोलावलं नाही, असू दे, सोडा. मला त्या शब्दांचा राग यायचा. पुढे मीच त्यांच्यावर किती विसंबून राहिलो, ते सांगायचंच आहे.

आमच्या घरी मात्र तो मोकळा असायचा. माझी बायको विमल, तिला नऊवारी नेसता येत नव्हतं, ते त्यानं शिकवलं. "निऱ्या मोजत बसू नगा वैनी, बोटाला कळाय पायजे," असं तिला दटावायचा आणि स्वतः मात्र हळूच "ओंदु, एरडु, मूरु" मोजायचा. त्याची आई चिकोडीकडची, कन्नड बोलणारी. तिला नेसताना बघून बघून तो शिकला होता. विमल त्याला भावोजी म्हणायची. एकदा त्यानं भीत भीत विचारलं, "वैनी, आक्का म्हटलं तर चालंल का वो?" त्या दिवसापासून ती आक्का म्हणू लागली. मी गुंडाप्पाच म्हणत राहिलो. माझी जीभ वळत नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. वखारीत तंबाखू चाळणारी एक बाई पोत्यांच्या आडोशाला बाळंत झाली आणि मूल दगावलं. गाव हळहळलं. कामगार बायकांसाठी बाळंतपणाची एक खोली बांधायची म्हणून समिती झाली. अध्यक्ष एका वखारीचे मालक, आणि अक्षर चांगलं म्हणून चिटणीस मी. मदतीसाठी कार्यक्रम ठेवायचा ठरलं तेव्हा मीच गुंडाप्पाचं नाव सुचवलं. त्यानं स्वतः रचलेला एक खेळ होता. एकच लुगडं, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत ते पाच तऱ्हांनी नेसून तो पाच बायका दाखवायचा.

"काय घ्याल?" मी विचारलं.

"पैशे नगंत." मग हाताकडे बघत म्हणाला, "मास्तर, शेवटाला सत्कार करतासा न्हवं? माजी ओटी भरा. स्टेजवर, समद्यांच्या म्होरं. मला आजवर कुनी भरली न्हाई, भरनार बी न्हाईत. एक डाव भरा."

मी "भरू की" म्हणालो. विमल तर लगेच उठली. हिरवा इरकली खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं तिनं पिशवीत भरून ठेवलं. "आक्काची ओटी मी भरणार," म्हणाली.

सीझन संपत आला होता. अध्यक्षांच्या रिकाम्या झालेल्या वखारीत कार्यक्रम झाला. तंबाखूच्या वासानं पुढच्या रांगेतली पाहुणे मंडळी शिंकत होती, मागे जमिनीवर बसलेल्या कामगार बायकांना त्याचं काहीच नव्हतं. गुंडाप्पा आधी नवरी झाला. लोक हसले, शिट्ट्या मारल्या. मग त्यानं कासोटा खोचला आणि तो तंबाखू चाळणारी बाई झाला. मग तीच बाई पोटुशी. चाळता चाळता तिला कळ आली. ती इकडंतिकडं बघते, मुकादमाला हात जोडते, पदराचा बोळा तोंडात कोंबून पोत्यांमागं जाते. शिट्ट्या थांबल्या. मागे एक बाई हुंदका देऊन उठली, तिचंच मूल दगावलं होतं. पुढे विधवा आणि म्हातारी झाली, ती मला धड आठवतही नाहीत. मी रडत होतो.

सत्काराआधी अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. विमलच्या हातातली पिशवी त्यांनी पाहिली होती. "मास्तर, हे काय? पुरुषाची ओटी? बाळंतिणीच्या खोलीचं काम हाय, असला अभद्रपणा नको. फेटा बांधू, झकास."

माझी नोकरी जाणार नव्हती. मला कुणी मारणार नव्हतं. फार तर लोक हसले असते, मलाही. तेवढ्याला मी भ्यालो.

गुंडाप्पाचं नाव पुकारलं. तो पुढे आला, मान खाली घालून, दोन्ही हातांनी पदर पसरून. विमलनं पाऊल उचललं आणि मी हात वर करून तिला थांबवलं. अध्यक्ष आले. त्यांनी त्याच्या अंबाड्यावरून गुलाबी फेटा गुंडाळायला घेतला. अंबाडा खोटा, तो आड येऊ लागला, तेव्हा त्यांनी तो उपसून काढला. वखार हसली. गुंडाप्पा तसाच पदर पसरून उभा. अध्यक्षांनी त्याचा एक हात पदरातून सोडवला आणि त्यात नारळ ठेवला. टाळ्या पडल्या. रिकामा पदर एका हातातून लोंबत होता.

खाली आल्यावर तो माझ्यासमोर थांबला. असू दे, सोडा, असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी वखारीवर गेलो. तो बाकीच्यांसारखाच हात खंगाळून चहा पीत होता. पुन्हा त्यानं कधी हाताला लिंबू लावलं नाही, कधी बाईचं काम केलं नाही, आणि आमच्या घरीही आला नाही. विमल दोनदा बोलावून आली. "येतो की वैनी," म्हणाला. खोली मात्र झाली. तिथं मुलं जन्मली, त्यांतली दोन-चार पुढं माझ्या वर्गात बसली.

सात-आठ वर्षांनी तो खोकल्यानं खंगला आणि भावाकडं, चिकोडीजवळच्या खेड्यात गेला. मग निरोपच आला. विमलनं ट्रंक उघडली, तोच हिरवा खण काढला आणि वाटेत बसस्टँडवर नारळ घेतला. पिशवी या वेळी मी धरली होती.

आम्ही पोचलो तेव्हा तयारी झाली होती. अंगावर पांढरं धोतर, छातीवर काळे पडलेले हात, आणि डोक्याला तो गुलाबी फेटा. भाऊ डोळे पुसत मोठ्या अभिमानानं म्हणाला, "तुमीच बांधलता न्हवं मास्तर? निपाणीत सत्कार झालता आमच्या आप्पाचा. म्हटलं, मानानं जाऊंदे."

विमल माझ्याकडं बघत होती. या वेळी मी हात वर केला नाही. पण पिशवीही तिच्या हातात दिली नाही. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बायकांनी मागं सरा," आणि त्यांनी त्याला उचललं.

परतीच्या बसमध्ये नारळ माझ्या मांडीवर होता. बोरगावचे लोक चढले, उतरले. विमल खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच म्हणालो, "विमल, माझं चुकलं."

तिनं मान वळवली नाही. "मला काय सांगता," ती म्हणाली. "आक्काला सांगायचं होतं."

तो खण अजून ट्रंकेत आहे. आणि असू दे, सोडा, असं मला म्हणू शकणारं माणूस एकच होतं.