वैशालीने सगळ्या फोनना एकच किल्ली दिली

माझ्या बायकोच्या हातून एका बाईचा संसार मोडला होता.

वैशाली काल गेली. कालपासून तिच्याबद्दल सगळे चांगलंच लिहिताहेत. हुशार, मनमिळाऊ, हसतमुख. खरंच होती.

पण तिनेच मला बजावलं होतं, "मी गेल्यावर नुसती आरती ओवाळू नकोस. देवळालीचं पण सांग."

म्हणून सांगतोय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बटणांचे फोन, एवढासा स्क्रीन, मुंगीच्या पावलाने चालणारं इंटरनेट. वैशाली नाशिकच्या गंगापूर रोडला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅमर. मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो.

तिचं काम होतं, एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट थेट डॉक्टरांच्या मोबाईलवर पाठवणारा प्रोग्रॅम लिहायचा. इगतपुरीच्या डॉक्टरलासुद्धा रिपोर्टसाठी नाशिकला माणूस धाडायला नको.

रिपोर्ट वाटेत कुणी वाचू नये म्हणून तो कुलूप लावून जायचा. किल्ली म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा, आधीच ठरलेला. एक प्रत लॅबच्या सर्व्हरवर, एक फोनमध्ये. तीच कुलूप लावणार, तीच उघडणार. त्या काळच्या फोनना याहून जड काही झेपत नव्हतं.

नियम एवढाच, की प्रत्येक फोनची किल्ली वेगळी हवी.

वैशालीने सगळ्यांना एकच दिली. ॲपच्या कोडमध्येच लिहून टाकली.

उद्घाटनाची तारीख ठरली होती. प्रत्येक डॉक्टरला गाठून वेगळी किल्ली भरायला वेळ नव्हता. "एकदा सुरू होऊ दे, मग बदलते," म्हणाली.

सुरू झालं. छान चाललं. पेपरात फोटोपण आला.

बदलायचं राहून गेलं.

मग देवळाली कॅम्पातल्या एका डॉक्टरांचा फोन रिपेअरला गेला. त्या दुकानात कॉम्प्युटर शिकणारा एक तरुण बसायचा. त्याने ॲप कॉपी केलं, उघडलं, आत किल्ली सापडली. आता तो घरच्या कॉम्प्युटरवरून कुठल्याही डॉक्टरचं नाव सांगू शकत होता. सर्व्हरला किल्ली बरोबर दिसायची, तो रिपोर्ट काढून द्यायचा.

त्याला काही विकायचं नव्हतं. नुसती गंमत म्हणून ओळखीच्यांची नावं शोधत बसला.

त्यात त्याच्याच गल्लीतल्या एका बाईंचा रिपोर्ट निघाला.

एचआयव्ही.

बाई जेवणाचे डबे द्यायच्या. नवरा वारलेला, पदरात शाळकरी मुलगी. त्याच्या तोंडून ते गल्लीभर झालं आणि बघता बघता डबे बंद झाले. वर्गात मुलीशेजारी कुणी बसेना.

बाई रडत आपल्या डॉक्टरांकडे गेल्या, "तुमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं!" डॉक्टरांनी लॅबला विचारलं, लॅबने कंपनीला.

वैशालीने सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. त्या दिवशी घरी आली ती चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात.

"सुहास, माझ्यामुळे झालंय."

तिचे साहेब म्हणत होते, "फोन डॉक्टरांनी दुकानात दिला. चूक त्यांची. आपण गप्प बसायचं."

मीटिंगमध्ये सगळ्या डॉक्टरांसमोर वैशाली उभी राहिली. "फोन कुणाचाही गेला असता, तरी फक्त त्याच डॉक्टरचे रिपोर्ट दिसायला हवे होते. सगळ्यांचे दिसले, कारण मी एकच किल्ली वापरली. हे चूक आहे हे मला माहीत होतं."

एक वयस्कर डॉक्टर बॅग उचलून निघून गेले.

तिला त्या बाईंना भेटायचं होतं. डॉक्टरांनी आधी बाईंना विचारलं. "येऊ दे," म्हणाल्या.

स्कूटरवर आम्ही दोघं गेलो. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

"तुम्ही लॅबवाल्या?"

"नाही. रिपोर्ट मोबाईलवर जातो ना, तो प्रोग्रॅम मी लिहिलाय."

"मग नीट का नाय लिहिला?"

वैशाली म्हणाली, "घाई केली."

मी मान खाली घालून उभा. समोरच्या घराच्या खिडकीत दोन बायका येऊन थांबल्या होत्या.

"माफी मागायला आले," वैशाली म्हणाली.

"मागितली ना? आता जा. परत येऊ नका. तुम्ही आलात की लोक अजून बोलतात."

दार लागलं.

परतताना द्वारका चौकाच्या सिग्नलला ती मागून म्हणाली, "तिथे जाऊनपण मी तिला त्रासच दिला रे."

नंतर तिने सगळं नव्याने बांधलं. कोडमध्ये किल्ली नाही. प्रत्येक फोनला वेगळी, ती डॉक्टरसमोर बसून भरायची. फोन हरवला तर तेवढीच रद्द. इगतपुरीला धो धो पावसात एसटीने गेली. निम्म्या डॉक्टरांनी ॲप पुन्हा वापरायला नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं.

बाईंनी पोलिसांत तक्रार केली नाही. केली असती तर नाव पुन्हा चारचौघांच्या तोंडी गेलं असतं. मुलीला घेऊन त्या देवळाली सोडून गेल्या.

पुढे बाईंचे डॉक्टर वैशालीला म्हणाले, "औषधं चालू आहेत, तब्येत बरी आहे."

"कुठे असतात?" तिने विचारलं, आणि लगेच म्हणाली, "नको. सांगू नका."

पुढे ती कॉम्प्युटर शिकवायला लागली. दरवर्षी नव्या बॅचला पहिल्या तासाला हीच गोष्ट सांगायची, स्वतःचं नाव घेऊन. घरी आली की त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. मी म्हणायचो, "आता पुरे की." ती म्हणायची, "त्यांचं पुरं झालंय का?"

कालपासून खूप जण फोन करून विचारताहेत, वैशालीला नेमकं झालं काय होतं?

तुमची काळजी कळते. पण मी सांगणार नाही. तिने कुणाला सांगितलं असेल, तर तो तिचा निर्णय होता. बाकी तिचे रिपोर्ट तिचे.

नीट जा, वैशाली.