शिळ्या पाण्याच्या दोन बादल्या

नळाच्या पाण्याला ब्लिचिंगचा वास आला की मला अकोल्यातला तो उन्हाळा आठवतो. मुलगी शिकायला अमरावतीला गेली आणि तिचे मासे माझ्याकडे राहिले. आठवड्यातून एकदा फक्त पाव हिस्सा पाणी बदलायचे, तेही दोन दिवस उघडे ठेवून ब्लिचिंगचे औषध उडालेले, असे तिने बजावले होते. त्या सकाळी बऱ्याच दिवसांनी नळ आले. आमच्याकडे नळ आले की साठवलेले सगळे पाणी शिळे ठरते. मोर्शीहून आलेल्या आईने ड्रम ओतला, माठ ओतला आणि माशांची पेटीही घासून ताज्या पाण्याने भरली. "त्याईनं काहून शिळं प्यावं?" ती म्हणाली. थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडे उघडू लागले. मी बादल्या घेऊन गल्लीभर शिळे पाणी मागत फिरलो. "भाऊ, नळ चालू हायेत अन् तुमी शिळं मांगून राहिले? ऊन लागलं काय?" शेजारीण हसली. सगळ्यांनीच ओतून दिले होते. कोपऱ्यावर एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे तेवढा अर्धा ड्रम होता. "ओतलं तर मले भरून कोण देईन, बाबा? ने." एक मासा गेला, बाकीचे वाचले, आणि मी तिचा ड्रम भरून दिला. आता मुलगी नोकरीला आहे, मासेही उरले नाहीत; पण नळ आले की पहिल्या दोन बादल्या अजून म्हातारीकडे जातात, आणि आमचा ड्रम भरायची वेळ येईपर्यंत माझ्याही वय झालेल्या हातांत जोर उरत नाही.