तीन बाटल्या आणि होणाऱ्या विहीणबाई

किस्से साठतात ते डंकाच्या खोलीतल्या मिरचीच्या धुरळ्यासारखे. कितीही झाडा, कोपऱ्यात राहतातच, आणि भलत्या वेळी शिंक काढतात. माझा मंगळवार पेठेत मसाला कुटायचा डंक आहे. शाळा चौथीपर्यंत. पण तोंड एम. ए. झालंय असं लोक म्हणतात, म्हणोत बापडे!

आम्ही चौघी. खानावळवाली शालन, ब्लाउज शिवणारी हसीनाभाभी, शाळेतून रिटायर झालेल्या सुमनबाई आणि मी. चौघींत मिळून किस्से पोतंभर. पण गेल्या वर्षी आम्ही वाइनची चव घेतली, त्याच्यापुढं बाकीचे फिके.

झालं असं, माझ्या मनीषाचं तासगावकडच्या रणजितशी जमलं होतं. पोरांचं जमलं होतं, आयांचं जमायचं होतं! लग्नाची तारीख काही निघत नव्हती. त्यांची द्राक्षबाग आणि छोटा वाइनचा कारखाना, लायसन्सवाला. दोन जातीच्या द्राक्षांची लाल वाइन मिसळून ब्लेंड करायचं काम रणजितची आई स्वतः बघते. एक दिवस त्यांचा फोन.

"ताई, आमच्यात सगळी तोंडावर ग्वाड बोलत्यात. माझं नवं ब्लेंड आधी पाठवतो, मागनं मी येतो. तुम्ही दुकानातल्या दोन आणा. नावं झाकून चव बघायची. तुमच्या मैत्रिणी खरं बोलणाऱ्या हायत म्हणं?"

"हायत की," म्हटलं, आणि फोन ठेवला. खरं बोलतात हीच तर भीती! ह्या तिघींच्या एका शब्दानं माझ्या पोरीचं लग्न मोडलं असतं.

* * *

दोन बाटल्या आणायला मालकांना, म्हणजे मनीषाच्या वडलांना, सांगितलं. म्हणाले, "मला दुकानात कुणी बघितलं तर?"

"दर गटारीला बघत्यात की!"

ते पेपरात तोंड घालून बसले. मग मीच गेले. रांगेत उभी राहिले तर पुढच्यानं मागं वळून बघितलं आणि रुमाल तोंडावर घेतला. त्याच्या पुढच्यानं हेल्मेट घातलं. सगळे माझ्या गिऱ्हाइकांचे नवरे!

"काकू, मी सुट्टं घ्यायला आलतो," एक जण पळाला.

"मावशी, मी पत्ता इचारायला," दुसरा पळाला.

बघता बघता रांग साफ. दुकानदार हात जोडून म्हणाला, "मावशी, रोज नगा येऊ. धंदा बसंल!"

* * *

मनीषानं मोबाइलवर बघून आमची शिकवणी घेतली. "पेला हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा."

शालन उठून उभी राहिली. "पावण्यांनी आणलेली वस्तू थुंकू? माझ्या खानावळीत कुणी रस्सा थुंकला असता तर ताट डोस्क्यात घातलं असतं!"

"काकी, तशी रीत असती."

"मग मी गिळतो. रीत तू सांभाळ!"

* * *

बाटल्या झाकायला हसीनाभाभीनं खणाच्या तुकड्यांच्या तीन पिशव्या शिवल्या. तोंडाला नाडी, पोटावर एक, दोन, तीन असे आकडे. टेबलावर मांडल्या तर तीन नवऱ्या बोहल्यावर बसल्यासारख्या. कुठल्या पिशवीत कुठली बाटली, ते मला एकटीला ठाऊक. विहीणबाईंनी बाटली दोन दिवस आधीच रणजितकडून पाठवली होती. ती घातली तिसऱ्या पिशवीत.

शालन कानाशी लागली. "तुझ्या इहिणीची कुठली त्येवढं सांग. आम्ही वा वा करतो, इषय कट!"

"न्हाय सांगणार. मी खोटं बोलत न्हाय, कुणाला बोलायला लावत न्हाय."

"पोरगी घरात बसंल!"

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी सुमनबाईंनी तोडगा काढला. "तुम्ही बोलूच नका. ती बाटली आली की नुसता पदर सावरा. आम्ही समजून घेऊ."

पदर सावरणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. मी कबूल झाले.

* * *

शुक्रवारी विहीणबाई आल्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पेढ्यांचा पुडा. मागं रणजित, लग्नाआधीच उतरलेलं तोंड घेऊन.

मी पहिली बाटली ओतायला वाकले. अंगावर ठेवणीतली रेशमी साडी. पदर खांद्यावर ठरेना. सावरला, परत घसरला. परत सावरला.

तिघींनी एकमेकींकडं बघितलं.

"वा! वा! काय चव हाय!" शालन ओरडली. "आता फुडच्या दोन बघायच्या तरी कशाला?"

"माशाल्ला, काय रंग आहे!" हसीनाभाभी म्हणाली. ती पीत नाही, पेला उजेडात धरून रंगाचे मार्क देत होती.

"अप्रतिम," सुमनबाई म्हणाल्या, त्यांनी तर अजून पेला उचललाही नव्हता!

पहिली बाटली दुकानातली होती.

मी डोळे मोठे केले, मान हलवली. शालनला वाटलं, अजून कमी पडतंय. तिनं टाळ्या वाजवल्या!

* * *

दुसरी आली. हसीनाभाभीनं पेला खिडकीत धरला. "हा रंग पहिल्या धुण्यात जाणार. अस्तर पण खराब करील."

विहीणबाई मोकळ्या हसल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला. ती पण दुकानातली.

मग तिसरी. मी पदर दोन्ही हातांनी असा गच्च सावरला की साडी फाटायची! पण आता कुणाचंच लक्ष नव्हतं. सुमनबाईंचा शुक्रवारचा उपास, म्हणून त्या नुसता वास घेणार होत्या. आम्ही बायका नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाही, वासावरच मीठ कळतं. त्यांनी डोळे मिटले, नाक पेल्यात घातलं.

"जांभूळ," म्हणाल्या. "थोडी दालचिनी. आणि..."

"आणि काय?" विहीणबाई पुढं सरकल्या.

"पावसात भिजलेलं दप्तर."

शालननं घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच रीत पाळली. जाऊन मोरीत थुंकून आली!

मनीषानं माझ्याकडं बघितलं. रणजितनं जमिनीकडं. त्यानं आईच्या बाटलीचा वास ओळखला होता, हे त्याच्या कानांवरनं कळत होतं. लाल झाले होते.

* * *

शेवटी विहीणबाईंनी स्वतः चव घेतली. पहिली, "बरी हाय." दुसरी, "नुसता दिखावा." मग तिसरी. एक घोट घेतला. थांबल्या. परत घेतला. पेला खाली ठेवला आणि लांब सारला.

"ही मोरीत ओता," म्हणाल्या. "कुणी केली वो ही घाण? सोडा पिशवी, नाव तर बघू."

मनीषा नाडी सोडायला उठली. मी बाटली पिशवीसकट काखेत मारली.

"नाव न्हाय तिच्यावर," मी म्हटलं. "दुकानात एकच चांगली मिळाली, म्हणून दुसरीच्या जागी घरचीच घातली. ही माझ्या भावानं दिलीया. कागलच्या. घरी करतोय, हौस म्हणून."

शालनचं तोंड उघडं ते उघडंच. हसीनाभाभी छताकडं बघायला लागली. सुमनबाईंनी चष्मा पुसायला घेतला.

विहीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मीही नजर हलवली नाही.

"भावाला सांगा," त्या सावकाश म्हणाल्या, "पिंप धुतल्यावर उन्हात नीट वाळवायचं. घाई करायची न्हाय. एकदा ओल ऱ्हायली की सगळी द्राक्षं वाया जात्यात."

"सांगतो," मी म्हटलं.

"वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. हुतंय एखाद्या वक्ताला."

"न्हाय वाटणार त्याला."

त्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला, पहिला पेढा मनीषाच्या तोंडात घातला. "पोरी, तुझी आई लई खमकी हाय. तारीख बामणाला इचारून उद्या कळवतो."

आता एक सांगायचं राहिलं. आम्ही पाच बहिणी. भाऊ नाही, कागलात नाही, कुठंच नाही. आणि आमच्यात लग्न ठरवायच्या बैठकीला बसलं की पाणी प्यायच्या आधी विचारतात, पोरीचे मामा कुठले? विहीणबाईंनीही पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, आणि मीच सांगितलं होतं, मामा नाही म्हणून.

गाडीत बसता बसता त्यांनी काच खाली केली.

"आणि त्या तुमच्या कागलच्या भावाला लग्नाला घिऊन या," म्हणाल्या. "नवरीच्या मागं मामा उभा पायजे!"