एकच घ्या, पण दमदार घ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. तसा मी पोटात काही ठेवणारा माणूस नव्हे, आमच्या सात रस्ता चौकात कुणालाही विचारा. माझं तोंड सकाळी शटरबरोबर उघडतं आणि शटरबरोबरच बंद होतं. तरी ही एक गोष्ट दहा-अकरा वर्षं आत राहिली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगणं जमतंय.

मी सोलापुरात कॉम्प्युटर विकतो. नुसता विकत नाही, सुटे भाग आणून जुळवतो. गेम खेळण्यासाठी मशीन जुळवायचं असेल तर कुर्डुवाडीपासून अक्कलकोटपर्यंतची माणसं माझ्याकडे येतात, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे. पण खरी आहे. माझ्या हातचं मशीन मे महिन्यातल्या सोलापुरातसुद्धा बंद पडत नाही.

दुकानावर मोठा बोर्ड आहे. त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय — ‘एकच घ्या, पण दमदार घ्या’. हे ग्राफिक्स कार्डाबद्दल आहे. गेममधलं चित्र पडद्यावर उमटवतं ते कार्ड. मशीनमधला सगळ्यात महागडा भाग. एके काळी लोक एका भारी कार्डाऐवजी दोन स्वस्त कार्डं शेजारी शेजारी बसवायचे. पैसे तेवढेच, ताकद दुप्पट, असा हिशेब. आज कुणी तसलं विचारलं की मी बोर्डाकडे बोट दाखवतो. लोक हसतात, मानतात. हे वाक्य माझं आहे, असं गावाला वाटतं.

ते माझं नाही. इथूनच सुरुवात करतो.

पद्मा माझ्याकडे तीन वर्षं कामाला होती. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली; वडील चादरीच्या मागावर कामाला. डिप्लोमा करून आली तेव्हा मी तिला काउंटरवर बसवायच्या विचारात होतो. मुलगी आहे, गिऱ्हाइकांशी गोड बोलेल, एवढंच माझं डोकं चाललं. आठवड्याभरात कळलं की हिच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पंख्याच्या आवाजावरून ती सांगायची की आत काय बिघडलंय. मी तिला मशीनवर घेतलं आणि ‘मी शिकवली’ म्हणून सगळीकडे सांगत सुटलो. खरं सांगू? मी तिला काहीच शिकवलं नव्हतं.

त्या वर्षी सिद्धाराम अण्णांनी गेमिंग पार्लर काढायचं ठरवलं. अण्णांचं कापडाचं दुकान, वय चाळिशीपुढचं, पण गेमचं वेड असं की दुकानात गिऱ्हाईक उभं आणि अण्णा मोबाइलवर गाडी पळवतायत. पार्लरमध्ये सहा मशीन, आणि मधलं सगळ्यात जबरदस्त. ते बघायला लोक यायला पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही दहा-बारा जण उभे होतो. अण्णांनी विचारलं, मधल्या मशीनला कार्ड एक मोठं घालायचं की दोन लहान? मी दोन कार्डांचं मशीन तोवर एकही जुळवलं नव्हतं. पण ‘बघून सांगतो’ हे शब्द माझ्या तोंडात कधी आलेच नाहीत. मी म्हणालो, “अण्णा, एक बैल जास्त ओढंल की दोन?” सगळे हसले. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “लई भारी बोललास की!”

पद्मा पार्सल चहा घ्यायला आली होती. ती हळूच म्हणाली, “अण्णा, एकच घ्या, पण दमदार घ्या. बैल एका जुवाला असतात. ही दोन कार्डं एकमेकांची वाट बघत थांबतात.”

सगळे पुन्हा हसले, या वेळी माझ्याकडे बघून. तेवढ्यानं मला झोंबलं. एवढ्याशा गोष्टीनं! मी तिला म्हणालो, चहा गार होतोय, जा आत.

दसऱ्याचा मुहूर्त ठरला. अष्टमीच्या दुपारी मशीन तयार झालं, दोन कार्डांचं. कार्डांना जोडायला वर एक छोटी पट्टी असते, तीही पद्मानेच बसवली. गेम चालू केला. कोपऱ्यातला वेगाचा आकडा चांगलाच वर गेला आणि मी टाळी वाजवली. पद्माने मशीन बंद केलं, एक कार्ड काढलं, तोच गेम पुन्हा लावला. आकडा खाली आला, पण चित्र लोण्यासारखं सरकू लागलं. मग मला दिसलं — दोन कार्डांवर चित्र अडखळत होतं. पळता पळता कुणी मागून सदरा ओढावा, तसं. शिवाय दोन्ही कार्डं इतकी खेटून बसली होती की वरच्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. तिने हात लावून दाखवलं. चटका बसला.

“सर, आकडा वाढलाय, पण खेळणाऱ्याला आकडा खेळायचाय का? आज बदलू या की. उद्या खंडेनवमी, पूजेला लावलं की अण्णांची आई मशीनला हात लावू देणार नाही.”

बरोबर होतं तिचं. आमच्याकडे खंडेनवमीला माग असो, रिक्षा असो की कॉम्प्युटर — पूजा झाली की त्या दिवशी तो चालवायचा नाही, उघडायचा तर नाहीच. म्हणजे काय करायचं ते त्याच दुपारी. मोठं कार्ड दुकानात होतं, अर्ध्या तासाचं काम. अण्णांना एक फोन केला असता तर अण्णा हसले असते, चहाच्या गाड्यावर दोन दिवस माझी चेष्टा झाली असती, संपलं असतं. मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय की ते इतकं सोपं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, माझ्या बोटाला चटका बसला होता.

मी म्हणालो, “दोन लाव.” तिने लावली. पट्टी नीट बसली का, ते मी स्वतः दाबून पाहिलं. बसली होती.

दसऱ्याला पार्लर गच्च भरलेलं. मशीनला हळदीकुंकू, वर झेंडूचा जाडजूड हार. तो अण्णांच्या आईने स्वतः घातलेला. नारळ फुटला. अण्णा मधल्या खुर्चीवर बसले, गेम सुरू झाला, आणि पहिल्याच वळणावर चित्र अडखळायला लागलं. लोकांत कुजबुज. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ऑक्टोबरची उकाड्याची दुपार, आत पन्नास माणसं. दहा मिनिटांत मशीन धाडकन बंद पडलं. मुहूर्तावर पडदा काळा. अण्णांच्या आईने पदर तोंडाला लावला.

तेव्हा माझं डोकं किती झरझर चाललं, हे आठवलं की आजही स्वतःची किळस येते. हारामुळे हवा अडली म्हणावं? पण हार आईंनी घातलेला. कार्डंच खराब निघाली म्हणावं? पण विकली मी. ‘माझं चुकलं’ म्हणावं? हा पर्याय मनात आलाच नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. आला होता. मी तो बाजूला सारला.

पद्मा भिंतीपाशी उभी होती. दसऱ्याची नवी साडी नेसून आली होती.

मी म्हणालो, “जोडणीत चूक राहिलीय अण्णा. पद्मानं पट्टी नीट बसवली नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, बाईच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार? लोक हसले. मीही हसलो. हो, हसलो. पद्माने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मशीन ऐकताना ती जशी बघायची तसं पाहिलं, आत काय बिघडलंय ते कळल्यासारखं.

मी धावत दुकानातून मोठं कार्ड आणलं, दोन्ही काढून ते एकटं बसवलं. मशीन असं पळालं की लोकांनी शिट्ट्या मारल्या. अण्णांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, “तू होतास म्हणून इज्जत राहिली बघ. त्या पोरीला माझ्या मशीनला हात लावू देऊ नको.” माझं नाव झालं ते त्या दुपारी. तोवर मी चार दुकानदारांतला एक होतो.

मी तिला मशीनवरून काढून बिलांवर बसवलं. महिन्याभरात ती सोडून गेली. तिने दुसऱ्या दुकानांत काम मागितलं तेव्हा दोघांनी मला फोन करून विचारलं, हात कसा आहे? मी म्हणालो, तसा बरा आहे. आमच्या धंद्यात ‘तसा बरा’चा अर्थ काय होतो, हे मला चांगलं माहीत होतं. तिला कुणी घेतलं नाही. शेवटी ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली. शाळेच्या शर्टांना कॉलर लावते.

दोन वर्षांनी मी बोर्ड रंगवला. रंगाऱ्याने विचारलं, काय लिहू? तेच वाक्य तोंडात आलं. मी त्याला थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात ती दुकानात आली. भाचीसाठी कीबोर्ड पाहिजे होता. केस थोडे पांढरे झालेत, बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा. मी विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, बरी आहे सर. पैसे दिले, पिशवी घेतली. दाराबाहेर गेल्यावर थांबली, मान वर करून बोर्ड वाचला. सावकाश, पूर्ण. माझ्यापाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

“वाक्य चांगलं आहे, सर,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “थँक्यू.”

ती सात रस्त्याच्या गर्दीत गेली आणि मी गिऱ्हाइकांकडे वळलो.