लाल टेस्ट आणि बाबांची वही

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत चार वर्षं जुनी झाले होते. लॅपटॉप घेऊन दोन महिन्यांसाठी म्हणून बऱ्हाणपूरला आले आणि दीड वर्ष राहिले. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझं ऑफिस. त्याच खोलीत बाबांचा पलंग. बाबा गणिताचे शिक्षक, आदल्याच वर्षी रिटायर झालेले. पेपर वाचून झाला की दुपारचं करायचं काय, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

आमची टीम डीबगर बनवायची. म्हणजे असं सॉफ्टवेअर, की जे चालू असलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमला जाऊन जोडलं जातं, त्याला हव्या त्या ओळीवर थांबवतं आणि आत काय चाललंय ते दाखवतं. माझ्याकडे इंटिग्रेशनचं काम होतं. सगळ्यांनी लिहिलेलं एकत्र आलं की शेकडो टेस्ट आपोआप चालायच्या. प्रत्येक टेस्ट आधी एक छोटा प्रोग्रॅम सुरू करायची, मग त्याच मशीनवरचा डीबगर त्याला जोडायची आणि तो ठरल्या ओळीवर थांबतो का ते बघायची. थांबला तर स्क्रीनवर हिरवी ओळ, नाही तर लाल.

सगळ्या टेस्ट संपायला वीसेक मिनिटं लागायची. तेवढ्यात मी आत जाऊन आईचा व्यायाम घ्यायची. आईचं माहेर इच्छापूरकडचं, केळीच्या बागांतलं. उभा जन्म कामात गेलेला, त्यामुळे पाय वर करून मोजत बसणं तिला अपमानाचं वाटे. "तुले दुसरं काम नाही का?" ती दर वेळी विचारायची आणि दहाऐवजी सात वेळाच पाय उचलायची.

एकदा बाहेर आले तर बाबा माझ्या खुर्चीत, चष्मा कपाळावर.

"बेटा, तीन लाल आले."

मी बघितलं. डीबगरला प्रोग्रॅम सापडलाच नव्हता. पुन्हा चालवलं तर सगळं हिरवं.

"दोघं एकाच मशीनमध्ये आहेत ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग एका घरात राहून भेट कशी होत नाही?"

मला हसू आलं. पुढचे दोन आठवडे तेच चाललं. त्याच तीन टेस्ट, कधी लाल, कधी हिरव्या, आणि फक्त माझ्याकडे. पुण्यात कुणाच्याच मशीनवर तसं होईना. माझी टीम लीड माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, स्वभावानं चांगली, पण कामात घाईची. तिनं फोन केला.

"अगं, तुझ्याच मशीनला काहीतरी झालंय. काढून टाक त्या टेस्ट. नाहीतर थोडे दिवस इकडे येऊन बघ."

तिनं सहजच म्हटलं होतं. मला मात्र धसका बसला. आई अजून माझा हात धरल्याशिवाय मोरीपर्यंतही जात नव्हती. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. बाबांनी ते ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी एक शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. डाव्या पानावर तारीख, वेळ आणि 'लाईट गेली', 'लाईट आली'. त्यांना वीज ऑफिसात अर्ज द्यायचा होता, म्हणून महिनाभर ते नोंद ठेवत होते. उजव्या पानावर माझ्या टेस्ट. लाल पेनानं लाल, हिरव्या पेनानं हिरव्या.

"मला यातलं काही समजत नाही हं," ते म्हणाले, "पण इकडे बघ आणि मग इकडे बघ."

अकरा वेळा लाल. अकराही वेळा लाईट गेलेली.

घरात इन्व्हर्टर होता, पण त्यावर दोन पंखे आणि एक ट्यूबलाईट एवढंच. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जायचा आणि बॅटरी वाचवायला हळू चालायचा. त्या तीन टेस्टमध्ये लिहिलं होतं, प्रोग्रॅम सुरू करा, दोन सेकंद थांबा, मग जोडा. हळू मशीनवर प्रोग्रॅम दोन सेकंदांत तयारच होत नव्हता. ते दोन सेकंद कुणी लिहिले म्हणून शोधलं, तर तीन वर्षांपूर्वी मीच. घाईत, अंदाजानं.

"दोनच का?" बाबांनी विचारलं. शाळेत उत्तरासोबत रीत नसली की विचारायचे, अगदी त्याच आवाजात.

"माहीत नाही, बाबा."

"मग त्यालाच विचार ना, तयार झाला का म्हणून."

मी तेच केलं. प्रोग्रॅम तयार झाला की त्यानं स्वतः तसं कळवायचं. कळवल्यावरच डीबगरनं जोडायचं. दुपार गेली त्यात. मग खरी परीक्षा. बाबा भिंतीच्या बटणावर हात ठेवून उभे राहिले आणि मी म्हटलं की चार्जरचं बटण बंद करायचे, चालू करायचे. त्या तीन टेस्ट चाळीस वेळा चालवल्या. मध्येच आई काठी टेकत दारापर्यंत आली, "पोरीचं मशीन जाळता का आता?" म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसून बघत राहिली. एकही लाल आली नाही.

लीडला सांगितलं तेव्हा तिनं जुने निकाल काढून बघितले. आमच्या मुख्य सर्व्हरवरही काम फार असलं की कधीकधी त्याच टेस्ट पडायच्या. लोक पुन्हा चालवायचे आणि विसरायचे. "मीही तेच केलंय," ती म्हणाली. मग विचारलं, "तुला सापडलं कसं?"

मी वहीची दोन्ही पानं फोटो काढून पाठवली. पुण्याला ये, हे त्यानंतर तिनं कधी म्हटलं नाही.

बाबांनी त्या संध्याकाळी मावा जिलेबी आणली. अर्धा किलो, आम्हा तिघांत. पहिली त्यांनी आईला दिली, कारण ती दारापर्यंत एकटी चालत आली होती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं ते.